देवळालीचा ताप

इंग्रजी भाषेत ‘डूलॅली’ असे एक काहीसे जुनाट आणि बरेचसे उनाड विशेषण आहे. एखाद्याचे डोके ठिकाणावर नाही, तो भ्रमिष्टासारखा वागू लागला आहे, असे सांगायचे असले म्हणजे लंडनमधील एखादी वृद्धा आपल्या शेजाऱ्याविषयी हा शब्द सहज वापरील. परंतु तो उच्चारताना आपण नाशिक जिल्ह्यातील एका गावाचे नाव घेत आहो, ह्याची तिला बहुधा गंधवार्ताही नसेल. ते गाव म्हणजे देवळाली.

ह्या नावातला ‘ळ’ आपण सुखाने उच्चारतो, पण इंग्रजाच्या जिभेला तो कधी वळला नाही. सरकारी दप्तरात नाव चढले तेव्हा ‘ळ’ चा ‘ल’ आणि ‘व’ चा ‘ओ’ झाला. आणि त्या लेखी नावाला जेव्हा गोऱ्या सोजिराने तोंड लावले तेव्हा उरलीसुरली अब्रूही गेली, आद्याक्षराचे ‘डू’ झाले आणि मधल्या अक्षरावर सारा भार येऊन पडला. ज्या तोंडाने ‘विलायती’चे ‘ब्लायटी’ करून त्यात स्वदेशाची ओढ भरली आणि ‘देखो’चे ‘डेको’ करून ते मायदेशी नेले, त्या तोंडाकडून ह्याहून अधिक शुद्धतेची अपेक्षा तरी कोणी करावी?

देवळालीस लष्करी छावणी वसली ती १८६१ साली. थळ घाट चढून जाणारा लोहमार्ग १८६५ मध्ये पुरा झाला, आणि मुंबई बंदरात उतरणाऱ्या व तेथून निघणाऱ्या फलटणींना ठेवण्यास घाटमाथ्यावरची ही कोरड्या हवेची जागा फारच सोयीची ठरली. नवे आलेले गोरे शिपाई येथून निरनिराळ्या ठाण्यांवर रवाना होत; पण आपल्या शब्दाशी संबंध येतो तो त्यांचा नव्हे, तर ज्यांची चाकरीची मुदत भरली होती आणि जे घरी जाण्यासाठी आगबोटीची वाट पाहत येथे पडून राहत, त्या जुन्यांचा. १८७० च्या कायद्याने पायदळातील शिपायाची बारा वर्षांची चाकरी विभागून पहिली सहा वर्षे प्रत्यक्ष फलटणीत व उरलेली राखीव दलात, अशी व्यवस्था केली. तिचा हेतू काहीही असो, हिंदुस्थानापुरता तिचा परिणाम असा झाला की दरसाल येणाऱ्यांची आणि जाणाऱ्यांची संख्या वाढली.

आणि आगबोटी मात्र बारमाही नव्हत्या. सैन्याची ने-आण पावसाळा सरल्यावर सुरू होई व उन्हाळा कडक होण्याच्या सुमारास थांबे. तेव्हा ज्या अभाग्याची मुदत शेवटची बोट सुटल्यानंतर भरली, त्याला पुढच्या हंगामापर्यंत कित्येक महिने छावणीत काढावे लागत. तो धड शिपाई नव्हे आणि धड मोकळाही नव्हे. त्याची बंदूक जमा झालेली, कामे नाममात्र, आणि मन कधीच समुद्रापार गेलेले. ज्याला वर्षानुवर्षे बिगुलाच्या हुकमाने उठायची, जेवायची व निजायची सवय लावली, त्याच्या हाती अकस्मात रिकामा दिवस देणे ह्यासारखी क्रूर शिक्षा लष्करी कायद्याच्या कोणत्याही कलमात सापडणार नाही.

फ्रँक रिचर्ड्स नावाच्या, रॉयल वेल्श फ्युजिलिअर्समधील एका साध्या शिपायाने १९३६ साली ‘ओल्ड सोल्जर साहिब’ ह्या आपल्या आठवणींत ह्या छावणीचे वर्णन केले आहे. ज्यांच्या नावावर वर्षानुवर्षे एक डाग नव्हता असे शिपाई येथे गुन्हे करून तुरुंगात जात, दुसरे कित्येक गुप्तरोग जडवून घेऊन इस्पितळात पडत. आणि विक्षिप्त वागणाऱ्याला ‘डूलॅली टॅप’ झाला म्हणण्याची चाल छावणीतल्या कंटाळ्यातूनच निघाली असावी, असा त्याचा कयास आहे. देवळालीस वेड्यांचे इस्पितळ होते म्हणून हा शब्द निघाला, अशीही एक कथा इंग्लंडात प्रचलित आहे. मला तीपेक्षा रिचर्ड्सची साक्ष अधिक ग्राह्य वाटते. तो त्या जगात राहिला होता. शिवाय रिकामपणाने माणसाचे काय होते हे ज्याने पाहिले आहे त्याला इस्पितळाच्या भिंती कल्पाव्या लागत नाहीत.

आता हा ‘टॅप’ कोणता? नळाची तोटी नव्हे, की हलकी थापही नव्हे. तो आपला ‘ताप’ आहे. फारसीत ‘तप’ म्हणजे ज्वर, संस्कृतात ‘ताप’, आणि दोहोंचे मूळ एकच. हिंदुस्थानी बोलीतून सोजिराने तो उचलला. म्हणजे ‘डूलॅली टॅप’ ह्याचा अक्षरशः अर्थ ‘देवळालीचा ताप’. आजही मराठी माणूस त्रासून ‘डोक्याला ताप झाला’ म्हणतो तेव्हा त्याच्या बोलण्यात त्या वैतागलेल्या गोऱ्याच्या बोलण्याची अर्धी जोड सापडते. फ्रेझर आणि गिबन्स ह्यांनी १९२५ साली सोजीर व खलाशी ह्यांच्या शब्दांचा जो कोश सिद्ध केला, त्यात हा जोडशब्द नोंदलेला आहे.

पुढे ह्या जोडीवर जो अन्याय झाला त्याबद्दल मात्र माझी तक्रार आहे. वापरता वापरता शब्द आखूड होतो हे खरे. परंतु येथे रोगाचे नाव असलेला ‘टॅप’ गळून पडला आणि बिचारे गाव तेवढे वेडाचा वाचक म्हणून मागे उरले! वास्तविक दोष आगबोटींच्या वेळापत्रकाचा होता. देवळालीच्या हवेचा म्हणावा, तर हवापालटासाठी पारशी व गुजराती कुटुंबांनी पुढे हेच गाव निवडले आणि तेथे आरोग्यभवने बांधली. जिथली हवा खाऊन माणसे बरी व्हावीत, त्याच गावाच्या नावाने परदेशात माणसे वेडी ठरतात.

इंग्रजांचे राज्य गेले, पण छावणी गेली नाही. आज पाकिस्तानात असलेल्या काकूलहून तोफखान्याची शाळा फाळणीपूर्वीच देवळालीस आली होती, ती तेथेच स्थिरावली. इंग्लंडात तो शब्दही अजून चलनात आहे. माणसेच काय, बिघडलेले यंत्रही तेथे ‘डूलॅली’ होते. विशेषनामाचे पहिले अक्षर मोठे लिहावे असा इंग्रजीचा नियम आहे, आणि देवळालीचे स्पेलिंग नकाशात त्या नियमाने होते. शब्दकोशात मात्र ‘डूलॅली’चे पहिले अक्षर लहान छापतात.