आयनवाहिन्या, पक्षिभ्रूणाच्या मेंदूतील

चेतापेशीच्या पटलात असलेली आणि सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम वा क्लोराइड यांच्या आयनांना निवडून आतबाहेर जाऊ देणारी प्रथिने. अंड्यातल्या पिलाच्या मेंदूत त्यांचे प्रकार, संख्या आणि जागा उबवणीच्या काळात बदलत जातात. या विषयातील बहुतेक माहिती कोंबडीच्या अंड्यावरून मिळाली आहे. त्याची उबवण 21 दिवसांची असते, कवचाला खिडकी पाडून भ्रूण पाहता येतो आणि हॅम्बर्गर व हॅमिल्टन यांनी 1951 मध्ये आखलेल्या 46 अवस्थांमुळे वयाचा हिशेब सर्वत्र एकच राहतो.

साडेतीन-चार दिवसांचा भ्रूण आपण होऊन हालचाल करू लागतो. स्पर्शाला प्रतिसाद देणे मात्र त्यानंतर काही दिवसांनी जमते. प्रायर यांनी 1885 मध्ये हे नोंदवले होते. संवेदनांचा पुरवठा तोडला तरी हालचाल चालू राहते, हे हॅम्बर्गर यांच्या प्रयोगशाळेने 1960 च्या दशकात दाखवले. म्हणजे ही विद्युत् क्रिया बाहेरच्या चेतवणीतून येत नाही, चेतापेशींच्या जाळ्यातच उपजते. या काळात गाबा हे रसायनही चेतापेशींना उत्तेजित करते. प्रौढ मेंदूत तेच दमन करते. कारण कोवळ्या पेशीत क्लोराइड जास्त साठलेले असते आणि गाबाची वाहिनी उघडली की ते बाहेर पडते.

पेशीतले क्लोराइड कमी झाले की गाबाचे काम उलटते, असे पाठ्यपुस्तके सांगतात. पक्ष्यांच्या मस्तिष्कस्तंभातील ‘न्यूक्लियस मॅग्नोसेल्युलारिस’ या श्रवणकेंद्रात मात्र हा नियम लागू पडत नाही, आणि हा अपवाद मूळ नियमाइतकाच बोधप्रद आहे. तिथे पेशी प्रगल्भ झाल्यावरही गाबामुळे पटलविभव धन दिशेनेच सरकतो. बदलतात त्या केव्ही 1 गटातील पोटॅशियमवाहिन्या. त्या विश्रांतीच्या विभवापासून थोडे सरकताच उघडतात आणि उबवणीच्या उत्तरार्धात त्यांचा प्रवाह बराच वाढतो. त्यामुळे गाबाने दिलेला धक्का पोटॅशियमच्या बहिर्गमनात जिरतो, पेशी पेटत नाही आणि दमन साधते. हॉवर्ड, बर्गर व रूबेल यांनी हे 2007 मध्ये मांडले. याच वाहिन्यांमुळे पेशी लांबलेल्या चेतवणीला एकाच ठोक्याने उत्तर देते. पुढच्या ‘न्यूक्लियस लॅमिनारिस’मध्ये दोन्ही कानांकडून आलेल्या संदेशांतील मायक्रोसेकंदांचा फरक मोजून आवाजाची दिशा ठरते, आणि त्यासाठी असा नेमका ठोका हवा असतो.

लॅमिनारिसमध्ये सोडियमवाहिन्यांची जागाही ठरीव असते. कमी वारंवारतेच्या पेशींत त्यांचा पट्टा अक्षतंतूच्या सुरुवातीजवळ आणि लांब, तर उच्च वारंवारतेच्या पेशींत दूर आणि आखूड असतो (कुबा व सहकारी, 2006).

या घडणीत कानाचा वाटा किती? रीता लेवी-मोंताल्चिनी यांनी कोवळ्या भ्रूणातील कर्णपुटिका काढून टाकली (1949). तरीही श्रवणकेंद्रे साधारण अकराव्या दिवसापर्यंत नीट वाढली, मग मात्र ऱ्हास सुरू झाला. पिलू अंड्याबाहेर आल्यावरही वाहिन्यांची मांडणी कानावर अवलंबून राहते. नुकत्याच बाहेर आलेल्या पिलाचे कर्णावर्त काढल्यास मॅग्नोसेल्युलारिसच्या पेशी सोडियमवाहिन्यांचा पट्टा लांबवून आपली उत्तेजनक्षमता वाढवतात, असे कुबा व सहकाऱ्यांना 2010 मध्ये आढळले.