बाबासाहेबांचे न्यूयॉर्कमधले पहिले दिवस

इगतपुरीकरांनो, आपल्याकडचं पोरगं परदेशी शिकायला निघालं की घरचे आधी विचारतात, राहील कुठं, खाईल काय? जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला उतरलेल्या २२ वर्षांच्या बाबासाहेबांपुढंही हेच प्रश्न होते. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉलमधलं जेवण त्यांना रुचेना. थोड्याच दिवसांत त्यांनी जागा बदलली. पुढं लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना हे पारशी मित्र सोबतीला मिळाले, ते आयुष्यभरासाठी!

आधार होता सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीचा, महिना साडेअकरा पौंड. १९१७ ला ती मुदत संपली आणि लंडनमधला अभ्यास अर्धवट सोडून परतावं लागलं. म्हणून सांगतो, शिष्यवृत्ती जाहीर झाली की नुसते सत्काराचे फ्लेक्स लावू नका. पोराच्या हातात पैसे वेळेवर पडले का, तेही विचारा.