पिंपांचे मैदान

दिवेआगरला इतिहास शिकविणाऱ्या माणसाची एक मोठी सोय आहे. पुरावा शोधायला त्याला गावाबाहेर जावे लागत नाही. आमच्या गावचा ताम्रपट शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, भाषा मराठी. त्यात सोन्याच्या व्यवहाराचा उल्लेख आहे, माणसांची नावे आहेत. 'तांब्यावर कोरलेले तेवढे खरे', असे मी वर्षानुवर्षे मुलांना बजावीत आलो. माझा हा ताठा मुंबईच्या एका फुटबॉल मैदानावर उतरला, त्याची ही हकीकत.

आमची मुले ओहोटीला ओल्या वाळूत सुरूच्या काठ्या रोवून अनवाणी फुटबॉल खेळतात. 'सर, एकदा खरे मैदान दाखवा', असा त्यांचा लकडा. शेवटी नववीची चौदा मुले-मुली घेऊन निघालो. दिघीहून फेरीबोटीने आगरदांडा, पुढे एस. टी. ने अलिबागवरून मांडवा, तेथून लाँचने गेटवे. तेथून कूपरेज पायी जाण्याइतके जवळ. त्या दिवशी दोन स्थानिक संघांचा सामना होता.

खेळ सुरू व्हायला अवकाश होता, म्हणून मी नावापासून आरंभ केला. कूपर म्हणजे लाकडी पिंपे घडविणारा कारागीर. शिडांच्या जहाजांच्या काळी पाणी, दारू, खारवलेले मांस, सारे पिंपांतून जाई. फळ्या वाकवायच्या, लोखंडी पट्ट्यांनी आवळायच्या, थेंबही गळता कामा नये. त्या पिंपांचा कारखाना येथे होता, म्हणून हे कूपरेज.

मग रोव्हर्स चषकाची गोष्ट सांगितली. ही स्पर्धा १८९१ साली सुरू झाली आणि पहिला चषक वूस्टर पलटणीने नेला. पुढे कितीतरी वर्षे चषक गोऱ्या पलटणींकडेच फिरत राहिला. १९२३ साली मोहन बागान अंतिम सामन्यापर्यंत पोचून हरले. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्सने तो जिंकला, तेव्हा प्रथमच हिंदी नागरिकांच्या संघाचे नाव त्यावर लागले. १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलिसांनी तो सोडला नाही. मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढविले. ऑलिंपिकमध्ये असा पराक्रम करणारा तो पहिला आशियाई. २००१ नंतर रोव्हर्स स्पर्धा बंद पडली.

'रोव्हर्सचे नाव कोणी ऐकले होते?' मी विचारले. चौदांपैकी एकही हात वर झाला नाही.

तेवढ्यात शिट्टी झाली आणि मुले माझा इतिहास विसरून कठड्याला चिकटली. प्रेक्षक मोजकेच, पण गोल झाला तेव्हा आमच्या मुलांनी कोणत्या संघाचा हेही न पाहता आरोळी ठोकली.

मध्यंतरात एका मुलीने विचारले, 'सर, पिंपे करणाऱ्यांची नावे काय होती?'

'ती ठाऊक नाहीत.'

'म्हणजे ते खरे नव्हते?'

मला उत्तर सुचेना. ज्यांनी पिंपे आवळली त्यांच्या नावाचा पत्रा कोणी कोरला नव्हता. तरी त्यांचा धंदा रोज शेकडो लोकांच्या तोंडी होता, मैदानाच्या नावात. उलट ज्या चषकासाठी एके काळी सारी मुंबई या मैदानाकडे लोटे, तो वीस-पंचवीस वर्षांत मुलांच्या कानावरून गेला होता. तांबे टिकते हे खरे. पण ज्याला तांबे मिळाले नाही त्याला बोलती माणसेच टिकवतात, आणि ती गप्प झाली की सारे संपते.

परतल्यावर सोमवारी मी ताम्रपटाचा धडा बाजूला ठेवला. गावातल्या वाड्या, पाखाड्या, विहिरी, बांध यांची नावे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून आणा, म्हटले. दुसऱ्या दिवशी चौदा वह्या आल्या. त्यातली निम्मी नावे मी कधी ऐकली नव्हती.