छोटा कळफलक निवडताना : वगळलेल्या कळांचा इतिहास

१/ प्रबंधाचे टंकन सुरू झाले तेव्हा माझ्या खोलीतील टेबलावर लॅपटॉप, उघडा ग्रंथ आणि टिपणवही यांना मिळून जागा पुरेना. साठवलेल्या पैशांतून एक छोटा मेकॅनिकल कीबोर्ड घेतला. पहिल्याच आठवड्यात तळटीपा तपासताना लक्षात आले, की त्याला बाणांच्या स्वतंत्र कळाच नाहीत. वस्तूत दोष नव्हता. निवड करताना मी विचारच केला नव्हता. तो विचार आज या थ्रेडमध्ये, इतिहासाच्या वाटेने.

२/ छोटा कळफलक म्हणजे मोठ्या कळफलकातून काही कळा वगळून उरलेला कळफलक. पण कळफलकावरची प्रत्येक कळ केव्हातरी, कोणाच्यातरी कामासाठी तेथे आलेली आहे. ती वगळणारा ‘हे काम या टेबलावर होणार नाही’ असे आपल्या वतीने ठरवून टाकतो. म्हणून आधी कोणती कळ का आली, ते पाहू.

३/ आरंभ अमेरिकेतील मिलवॉकी शहरात. ख्रिस्तोफर शोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८६८ मध्ये टंकयंत्राचे पेटंट घेतले. १८७४ मध्ये रेमिंग्टन कंपनीने ते यंत्र बाजारात आणले. त्यावर केवळ मोठी इंग्रजी अक्षरे उमटत. लहान अक्षरेही हवीत, ही मागणी स्वाभाविक होती. पण मग कळा दुप्पट करायच्या काय?

४/ १८७८ च्या ‘रेमिंग्टन क्र. २’ने उत्तर दिले : शिफ्ट. एकाच दांड्यावर दोन अक्षरे. शिफ्ट दाबली की कागदाचा रूळ सरके आणि दुसरे अक्षर उमटे. कळफलक आटोपशीर ठेवण्याची ही पहिली मोठी युक्ती. आजच्या छोट्या कीबोर्डवरची ‘एफएन’ कळ हिचीच वंशज आहे.

५/ प्रतिस्पर्धी ‘कॅलिग्राफ’ यंत्राने उलट वाट धरली. मोठ्या आणि लहान अक्षरांना स्वतंत्र कळा. शिफ्टची गरजच नाही. कळफलक अर्थातच विस्तीर्ण झाला. दोन्ही पद्धतींचे समर्थक होते आणि दोघांनाही आपलीच पद्धत वेगवान वाटे.

६/ २५ जुलै १८८८ रोजी सिनसिनाटी येथे सामना झाला. रेमिंग्टनवर फ्रँक मॅगरिन, कॅलिग्राफवर लुई ट्रॉब. मॅगरिन सहज जिंकले. ‘छोटा कळफलक श्रेष्ठ’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह येथे होतो. पण मॅगरिन कळांकडे न पाहता, सर्व बोटांनी टंकन करीत. ट्रॉब यांची तशी पद्धत नव्हती. विजय यंत्राचा किती आणि सरावाचा किती, हे त्या एका सामन्यावरून वेगळे काढता येत नाही. कीबोर्डची परीक्षणे पाहतानाही हे ध्यानात ठेवावे.

७/ आता संगणकाच्या काळात येऊ. १९७६ च्या ‘एडीएम-३ए’ टर्मिनलवर बाणांसाठी वेगळ्या कळा नव्हत्या. बाणांच्या खुणा एच, जे, के, एल या अक्षरांवरच छापलेल्या होत्या आणि कंट्रोलची कळ ‘ए’च्या शेजारी होती. बर्कली विद्यापीठात बिल जॉय यांनी ‘व्हीआय’ हा संपादक अशाच टर्मिनलवर लिहिला. म्हणून त्यात कर्सर आजही याच चार अक्षरांनी हलतो. एका टर्मिनलवरची काटकसर पुढे प्रोग्रामरांच्या पिढ्यांची सवय झाली.

८/ १९८१ च्या आयबीएम पीसीचा कळफलक ८३ कळांचा होता. उजवीकडे अंक होते, पण बाणही त्याच कळांवर. नमलॉक दाबून अदलाबदल करायची. हिशेबाच्या तक्त्यात आकडे भरणाऱ्याला घरामागून घर सरकावेही लागते आणि आकडेही टाकावे लागतात. त्याला दोन्ही एका वेळी हवे होते.

९/ १९८० च्या दशकाच्या मध्यास आयबीएमचा १०१ कळांचा कळफलक आला. बाण स्वतंत्र झाले, अंकांचा गट पूर्ण मोकळा झाला, बारा फंक्शन कळा वरच्या ओळीत गेल्या. कॅप्सलॉक ‘ए’च्या शेजारी आला आणि कंट्रोल खाली कोपऱ्यात गेला. आज आपण ज्याला ‘पूर्ण’ कीबोर्ड म्हणतो तो हा. त्याची उजवी बाजू मुख्यत्वे हिशेबनिसाच्या कामाची आहे.

१०/ या आराखड्याला लवकरच छाट मिळाली. त्याच दशकाच्या उत्तरार्धात आयबीएमनेच अंकांचा गट वगळलेला ८४ कळांचा कळफलक काढला. आणि १९९६ मध्ये जपानमधील संगणकशास्त्रज्ञ एइइती वादा यांच्या कल्पनेतून पीएफयू कंपनीने ‘हॅपी हॅकिंग कीबोर्ड’ आणला : फक्त ६० कळा. कंट्रोल पुन्हा ‘ए’च्या शेजारी, बाण मिळवायचे ते एफएन धरून. युनिक्सवर काम करणाऱ्यांसाठी हा आराखडा चपखल होता. (पहिली आवृत्ती मेकॅनिकल नव्हती, पण आजच्या ‘साठ टक्के’ कीबोर्डांवर तिचा ठसा स्पष्ट आहे.)

११/ आता मोजमाप. शेजारच्या दोन कळांच्या केंद्रांतील अंतर सामान्यतः १९.०५ मिमी, म्हणजे पाऊण इंच. त्या हिशेबाने केवळ कळांची रुंदी :
• पूर्ण, १०४ कळा : सुमारे ४३ सेंमी
• अंकगट नसलेला, ८७ कळा : सुमारे ३५ सेंमी
• ६५ टक्के, बाण शाबूत : सुमारे ३०.५ सेंमी
• ६० टक्के, ६१ कळा : सुमारे २८.५ सेंमी

१२/ हे आकडे नीट पाहा. अंकगट वगळला की ८ सेंमी वाचतात. माऊस तेवढा जवळ येतो आणि उजव्या खांद्याला ताण कमी पडतो. ६५ वरून ६० टक्क्यांवर उतरलो तर केवळ २ सेंमी वाचतात आणि बाण जातात. माझे पैसे त्या दोन सेंटीमीटरांत गेले.

१३/ मेकॅनिकल म्हणजे प्रत्येक कळेखाली स्प्रिंग असलेला स्वतंत्र स्विच. आजचा प्रचलित नमुना जर्मनीतील चेरी कंपनीच्या ‘एमएक्स’चा, १९८० च्या दशकातला. लाल स्विच सरळ खाली जातो; तपकिरी मध्ये हलका टप्पा देतो; निळा टप्प्याबरोबर टक् असा आवाजही करतो. कळ सुमारे ४ मिमी खाली जाते, पण अर्ध्या वाटेवरच अक्षर उमटते. मूळ पेटंटची मुदत संपल्यावर इतर कंपन्यांचे तसेच स्विच आले आणि किमती आवाक्यात आल्या. वाचनालयात किंवा सामायिक खोलीत बसणाऱ्याने निळ्याचा मोह टाळावा. शेजाऱ्यांशी असलेले संबंध अधिक मोलाचे.

१४/ मराठी लिहिणाऱ्यांसाठी एक वेगळी कसोटी. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्याला फारशी अडचण नाही. पण इन्स्क्रिप्ट वापरणाऱ्याने थांबून पाहावे. १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने प्रमाणित केलेल्या या आराखड्यात स्वर डावीकडे आणि व्यंजने उजवीकडे आहेत. क वर शिफ्ट दिली की ख, त वर थ, ल वर ळ. १८७८ ची ती युक्ती येथे आपल्या वर्णमालेचा भार वाहते.

१५/ इंग्रजीला २६ कळा पुरतात. इन्स्क्रिप्टला पुरत नाहीत. ट, ड, ॉ, ृ ही चिन्हे उजव्या कडेच्या, इंग्रजीत विरामचिन्हांच्या असलेल्या कळांवर बसतात. क्ष, त्र, ज्ञ, श्र हे अंकांच्या ओळीत शिफ्टसह येतात. ‘चाळीस टक्के’ कीबोर्डांतून अंकांची ओळ आणि यांतील बऱ्याच कळा गेलेल्या असतात. इंग्रजीसाठी जे छाटणे सोपे, ते मराठीत ‘डॉक्टर’ आणि ‘कृष्ण’ अडवून ठेवते. ६० टक्क्यांपर्यंत मात्र या कळा सुरक्षित राहतात. त्याखाली मराठीने सहसा उतरू नये.

१६/ इतिहासाच्या विद्यार्थ्याचे कामही तपासू. आपण सनावळ्या सतत लिहितो, पण त्या परिच्छेदात विखुरलेल्या असतात. त्यांना वरची अंकओळ पुरते. महसुलाचे किंवा जनगणनेचे तक्ते भरणाऱ्याला मात्र अंकगट हवाच. तळटीपा, संदर्भ आणि पाठभेद तपासताना कर्सर एकेक अक्षर सरकवावा लागतो. तेथे बाण अनिवार्य.

१७/ विकत घेण्यापूर्वी एक बिनखर्चाचा प्रयोग करा. जवळ पूर्ण कीबोर्ड असेल तर अंकगट, फंक्शन कळा आणि बाण यांवर कागद चिकटवा. आठवडाभर नेहमीचे काम करा. बोट ज्या कागदाकडे वारंवार वळेल, तो काढा. आठवड्याअखेर कागद उरले असतील, त्या कळांवाचून तुमचे चालते. परीक्षणांतील ताऱ्यांपेक्षा हा पुरावा भक्कम, कारण तो तुमच्याच कामातून आलेला आहे.

१८/ माझा तो ६० टक्के कीबोर्ड आता संगणकशास्त्राच्या एका कनिष्ठ मित्राकडे आहे. तो दिवसभर व्हीआयमध्ये काम करतो. बाण नाहीत हे त्याला जाणवलेही नाही. मी बाण असलेला ६५ टक्क्यांचा, तपकिरी स्विचचा घेतला. प्रबंधाचे तिसरे प्रकरण त्यावरच चालू आहे आणि टिपणवही आता टेबलावर मावते.

तुमच्या कामाला कोणती कळ वगळलेली चालणार नाही? खाली अवश्य लिहा.