हॅम रेडिओवरून बिटकॉइन? आधी या हवेचा इतिहास बघू

"इंटरनेट बंद झालं तर बिटकॉइनचं काय?" क्रिप्टोवाल्यांच्या ग्रुपवर हा प्रश्न निघाला की कुणीतरी हमखास लिहितं, "हॅम रेडिओ आहे ना!" मग लोराचे बोर्ड, गच्चीवरच्या अँटेना, मेशचे नकाशे पडायला लागतात. कल्पना खोटी नाही. पण या हवेला इतिहास आहे आणि काही अटी आहेत. त्या माहीत नसताना उडी मारली तर नुकसान फक्त उडी मारणाऱ्याचं होत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९१२ साली टायटॅनिक बुडाली आणि अमेरिकेने रेडिओ कायदा केला. जहाजांच्या संदेशांत हौशी लोकांची लुडबुड नको, म्हणून त्यांना २०० मीटरच्या खालच्या लहरींवर ढकललं. तेव्हाच्या जाणकारांच्या लेखी ती पडीक जमीन. या मंडळींनी तिथेच पीक काढलं! नोव्हेंबर १९२३ मध्ये अमेरिका आणि फ्रान्समधल्या हौशींनी अटलांटिकच्या आरपार दुतर्फा संभाषण केलं. आयनांबरावर आपटून लघुलहरी हजारो मैल जातात, हे जगाला कळलं. मार्कोनीही त्याच सुमारास लघुलहरींकडे वळला होता.

मग व्यापार आला. १९२७ मध्ये मार्कोनीच्या 'बीम' पद्धतीने भारत-इंग्लंड बिनतारी तारसेवा सुरू झाली. तिचं प्रक्षेपण केंद्र आपल्या पुण्याजवळ खडकीला आणि ग्रहण केंद्र दौंडला! म्हणजे सौद्यांच्या तारा हवेतून पाठवणं महाराष्ट्राला नवं नाही, त्याला शंभर वर्षं होत आली.

त्याच १९२७ साली वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत हौशी लोकांना त्यांचे स्वतःचे पट्टे मिळाले. पण फुकट मिळालेल्या जमिनीला अटी असतातच. हौशी सेवेची व्याख्याच सांगते की हे काम शिकण्यासाठी, स्वतःच्या आवडीने करायचं, त्यात आर्थिक हितसंबंध नको. शिवाय अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक भाषा वापरायची नाही, जे बोलायचं ते सगळ्यांना कळेल असं. थोडक्यात, धंदा नाही आणि गुपित नाही. आपल्याकडचे १९७८ चे हौशी सेवेचे नियमही याच चौकटीतले.

अटी मोडायची वेळ कधी आलीच नाही का? आली. १९३९ ला महायुद्ध सुरू झालं आणि ब्रिटिश सरकारने हौशींचे परवाने रद्द केले. तरी १९४२ च्या चळवळीत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. यंत्र उभं करणारा नरिमन प्रिंटर मूळचा हॅम. पोलिसांना चुकवत जागा बदलत जवळपास तीन महिने प्रसारण झालं. नोव्हेंबरमध्ये ते पकडलं गेलं, आणि पोलिसांना ठिकाण दाखवलं ते याच प्रिंटरने. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. यंत्र शाबूत होतं, माणूस फुटला. कुठलंही जाळं उभारणाऱ्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी.

आता क्रिप्टोकडे. हॅम आणि संगणक यांचं नातं जुनं आहे. १९७८ मध्ये माँट्रियलच्या हौशींनी रेडिओवरून डेटाची पाकिटं पाठवून दाखवली. ऐंशीच्या दशकात फिल कार्न या हॅमने इंटरनेटची भाषा रेडिओवर चालवणारं सॉफ्टवेअर लिहिलं. हाच कार्न नव्वदच्या दशकात कूटलेखनाच्या स्वातंत्र्यासाठी अमेरिकी सरकारविरुद्ध कोर्टात गेला. पुस्तकात छापलेला कोड परदेशी पाठवायला परवानगी, फ्लॉपीवरच्या त्याच कोडला नाही, असा तो खटला. म्हणजे ज्या सायफरपंक वर्तुळातून पुढे बिटकॉइन आलं, तिथे हॅम आधीपासून होते.

नोव्हेंबर २०१७ मध्ये एलेन ऊ आणि निक झाबो यांनी स्टॅनफर्डच्या परिषदेत क्षीण रेडिओ संकेतांवरून बिटकॉइन व्यवहार पाठवायची पद्धत मांडली. फेब्रुवारी २०१९ मध्ये एलेन ऊ आणि रोडोल्फो नोवाक यांनी टोरांटो-सॅन फ्रान्सिस्को प्रयोग केला, चाळीस मीटरच्या हॅम पट्ट्यावर. मधे इंटरनेट नाही, उपग्रह नाही.

हे जमतं कसं? साधा बिटकॉइन व्यवहार दोनशे-सव्वादोनशे बाइटचा, एका छोट्या मेसेजएवढा. तो कुठूनही ढकलता येतो. खरी अडचण उलट्या दिशेला आहे. साखळी शेकडो जीबीची, ती अशा रेडिओवरून उतरवणार कशी? म्हणून ब्लॉकस्ट्रीमने ऑगस्ट २०१७ पासून ती उपग्रहावरून द्यायला सुरुवात केली. पण पाठवलेला व्यवहार शेवटी कुठेतरी इंटरनेट असलेल्या यंत्रापर्यंत पोचावाच लागतो. तो साखळीत चढला की नाही हे दुकानदाराला कळेपर्यंत त्याच्या हातात नुसतं आश्वासन.

आता वादाचा मुद्दा. क्रिप्टोवाले म्हणतात, बिटकॉइनचा व्यवहार गुप्त नसतो, त्यावर फक्त डिजिटल सही असते. बरोबर आहे. पण 'आर्थिक हितसंबंध नको' या अटीचं काय? त्यावर मला अजून पटणारं उत्तर मिळालेलं नाही.

आणि वाट बंद आहे असंही नाही. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीसाठी परवानामुक्त आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या मेशटॅस्टिकसारख्या जाळ्यांचे बोर्ड त्यावर चालतात, कूटलेखनासकट. फक्त अमेरिकेतला ९१५ चा बोर्ड मागवून इथे लावू नका, त्या पट्ट्याला आपल्याकडे ही सूट नाही.

१९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं ठरवलं. त्या पीठावर आपले न्या. पी. बी. सावंत होते. या मालमत्तेचे तुकडे आज लिलावात हजारो कोटींना जातात. त्यात हौशींचा तुकडा फुकट टिकलाय, कारण तिथे कुणी कमावत नाही, आणि २००१ चा भूज भूकंप किंवा २००४ ची अंदमानातली त्सुनामी आली तेव्हा हेच लोक निरोप पोचवत होते. उद्या तिथे पैशांचे व्यवहार सुरू झाले, तर "यांनाही लिलावात बोली लावू द्या" म्हणणाऱ्यांना आपण कुठल्या तोंडाने अडवणार?

म्हणून उत्साही मित्रांनो, पैशाचे प्रयोग परवानामुक्त पट्ट्यावर खुशाल करा. आणि हॅमची परीक्षाही द्या, बाराव्या वर्षापासून देता येते. पूर आला, टॉवर पडले, की गावात आधी तोच परवाना कामाला येईल.