कांई, काय आणि नुक्

मागे जयपूरहून आग्रा रस्त्याने जाताना बस्सीला चहासाठी थांबलो होतो. टपरीवरच्या आजोबांनी विचारलं, "थांको नांव कांई छै?" मी पटकन नाव सांगितलं आणि मग लक्षात आलं, ही भाषा तर आपण कधी शिकलोच नाही! ती होती ढुंढाडी. तिचं 'कांई' म्हणजे आपलं काय, 'कुण' म्हणजे कोण, 'कद' म्हणजे कधी. संस्कृतातल्या किम्, कः, कदा यांचाच हा गोतावळा. प्रश्नाचा 'क' दोन्हीकडे टिकला.

आता गोतावळाच नसलेली एक भाषा बघू. १९८४ च्या तिसऱ्या 'स्टार ट्रेक' चित्रपटासाठी मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञांनी परग्रहावरच्या क्लिंगॉन लोकांची भाषा रचली. १९८५ मध्ये तिचा शब्दकोशही आला. तिच्यात 'नुक्' म्हणजे काय, 'इव्ह' म्हणजे कोण. 'नुक्'ला स्थळाचा प्रत्यय 'डाक्' जोडला की 'नुक्डाक्', म्हणजे कुठे. नमस्काराला शब्दच नाही. भेटल्यावर थेट 'नुक्नेख', म्हणजे काय हवंय?

ही भाषा परकी वाटावी म्हणून ओक्रँडनी वाक्यात आधी कर्म, मग क्रियापद आणि शेवटी कर्ता ठेवला. पण प्रश्नाची रीत आपल्या घरची निघाली. 'तिने आंबा खाल्ला' याचा प्रश्न आपण 'तिने काय खाल्लं?' असा करतो. आंब्याच्या जागी काय, बाकी क्रम तोच. क्लिंगॉनमध्येही कोण आणि काय हे शब्द उत्तराच्याच जागी बसतात. इंग्रजीत मात्र ते उचलून वाक्याच्या सुरुवातीला न्यावे लागतात. हो-नाहीच्या प्रश्नाला क्लिंगॉन क्रियापदाला 'आ' प्रत्यय लावते. आपण 'येतोस'पुढे 'का' ठेवतो.

याच ओक्रँडनी १९७७ मध्ये पीएच.डी.साठी कॅलिफोर्नियातल्या मूळ रहिवाशांच्या मुत्सुन भाषेचं व्याकरण लिहिलं होतं. ती अस्खलित बोलणाऱ्या शेवटच्या बाई १९३० मध्येच वारल्या होत्या. सगळं काम जुन्या टिपणांवरून करावं लागलं. एखादा शब्द अडला, तर विचारायला कोणी उरलं नव्हतं.

ढुंढाडीचीही टिपणं आहेत. १८९८ मध्ये मॅकॅलिस्टर या मिशनऱ्यांनी जयपूर संस्थानातल्या बोलींचे नमुने छापले. ग्रिअर्सन यांनी आपल्या भाषा सर्वेक्षणात त्यांचा उपयोग केला. राजस्थानी मात्र अजून संविधानाच्या आठव्या अनुसूचीत नाही. बस्सीच्या त्या टपरीवर आजोबांनी नातवाला ढुंढाडीत काहीतरी विचारलं. नातवाने उत्तर दिलं हिंदीत. आजोबांना त्यात काही वावगं वाटलं नाही. मला मात्र मुत्सुन आठवली.

परग्रहाच्या भाषेला शब्दकोश मिळाला, शिकणारेही मिळाले. आपल्या बोलींना निदान उत्तर देणारे हवेत. तुम्ही बेळगावात असा, इंदुरात असा की बडोद्यात. आजी ज्या बोलीत विचारते, त्याच बोलीत तिला उत्तर द्या. पुढच्या भागात भेटूच.