तळटीप : ‘पेनटाकळीची मरळ’

१२. पेनटाकळी : मेहकर तालुक्यातले पैनगंगेवरचे धरण, लेखातले जानेफळही याच तालुक्यात. लेखकाने मरळीला ‘आपली पाइक’ म्हटले, ते पटते. दोन्ही मासे दबा धरून झडप घालणारे. पण पाइक थंड मुलखातला. मरळ वरची हवा घेते, म्हणून आटत्या, गढूळ डबक्यातही तगते. विक्रमी वजनाचे म्हणाल तर, गळावरच्या महसीरचा विक्रम म्हणून १९४६ साली कावेरीत मिळालेल्या १२० पौंडांच्या (सुमारे ५४ किलो) माशाचा दाखला देतात. लेखकाची मरळ मात्र दर आवृत्तीत किलोभर वाढलेली दिसते! ‘ठेक्यावाल्यांनी उठवले’ : राज्यातल्या जलाशयांत मासेमारीचा हक्क ठेक्याने, बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना मिळतो, हौशी गळवाल्याने आधी त्यांना विचारलेले बरे. — संपा.